बॅलीच्या जुन्या पिनबॉलला नवा मेंदू: दुरुस्ती, तयार बोर्ड की स्वतःची बांधणी?

बॅली या अमेरिकन कंपनीचं १९७७ ते १९८५ मधलं पिनबॉल (धातूचा गोळा फटकावत गुण मिळवायचं नाण्यावरचं यंत्र) हाती आलं, की मागची उभी पेटी उघडून आधी बॅटरी बघा. मुख्य बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. विक्रमी स्कोअर आणि नाण्यांचा हिशेब वीज गेल्यावरही राहावा, म्हणून ती सोय. पण इतक्या वर्षांत ती पाझरते. माझ्या १९७७च्या ‘एट बॉल’मध्ये तिच्याखाली हिरवट-निळा थर जमला होता. भिंग धरलं, तर तांब्याचा ट्रॅक मध्येच संपलेला. शेजारीच रीसेटचं सर्किट असतं आणि क्षार आधी तेच खातो. मग यंत्र सुरूच होत नाही.

दोन-चार ट्रॅकच गेले असतील, तर मी बिनदिक्कत दुरुस्ती करा म्हणेन. बॅटरी काढा, क्षार व्हिनेगरने मारा, बोर्ड धुऊन पूर्ण वाळवा, रीसेटच्या भागातले सुटे घटक बदला. ५१०१ या मेमरी चिपच्या जागी वीज गेली तरी न विसरणारी आधुनिक चिप बसवा, म्हणजे बॅटरी कायमची सुटली. शिवाय हा बोर्ड आपलं दुखणं स्वतःच सांगतो. सुरू होताना त्याचा एलईडी क्षणभर मिणमिणतो आणि मग मोजून सात वेळा चमकतो. सहावर अडकला, तर बहुधा बोर्डाचा दोष नसतोच, कॉइलचे (गोळ्याला झटका देणाऱ्या विद्युतचुंबकांचे) ४३ व्होल्ट पोचत नसतात. फ्यूज बघा.

थर चिप्सच्या पायांपर्यंत पसरला असेल, तर तयार बोर्ड घ्या. तो त्याच भोकांवर बसतो, तेच कनेक्टर लागतात, आणि बऱ्याच बोर्डांत त्या काळातल्या अनेक खेळांचे प्रोग्रॅम भरलेले असतात, छोट्या स्विचांनी आपला निवडायचा. पैसे जास्त जातात, पण संध्याकाळी खेळता येतं. फक्त जुन्या वायरिंगच्या टोकाचे काळवंडलेले संपर्कही बदला, नाहीतर नव्या बोर्डावर उगाच संशय येतो.

आता स्वतः बांधायचं म्हटलं, तर त्यातही दोन वाटा आहेत. पहिली सोपी: मूळ बोर्डावरच्या जे५ या चाचणीच्या कनेक्टरवर अर्डुइनो नॅनो हा छोटा, स्वतः प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर जोडायचा. तो बोर्डावरच्या ६८०० या मूळ प्रोसेसरला थांबवून कारभार हाती घेतो आणि खेळाचे नियम तुम्ही लिहिता. पण मूळ बोर्डाच्या पीआयए चिप्स (प्रोसेसरला स्विच, दिवे, कॉइलशी जोडणाऱ्या) शाबूत हव्यात. म्हणजे क्षाराने खाल्लेल्या बोर्डाला ही वाट वाचवत नाही.

दुसरी वाट म्हणजे अख्खा मुख्य बोर्ड नवा बांधायचा आणि कॉइल-दिव्यांचे जुने ड्रायव्हर बोर्ड तसेच ठेवायचे. बॅलीची रचना इथे आपल्या बाजूची आहे. फ्लिपरचा (गोळा परतवणाऱ्या दांड्यांचा) प्रवाह थेट बटणांच्या संपर्कांतून जातो. बोर्ड फक्त एक रिले (विजेने चालणारा स्विच) चालू-बंद करतो, त्यामुळे फ्लिपर उशिरा उडेल ही भीती नको. बाकीच्या झटक्याच्या कॉइल चार तारांवरच्या आकड्याने निवडल्या जातात आणि १५ म्हणजे ‘कोणतीच नाही’. म्हणून चारही तारांना पुल-अप रेझिस्टर (तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे) लावा. कंट्रोलर जागा होईपर्यंत तारा आपोआप १५ वर राहतात. हे विसरलात, तर एखादी कॉइल चालूच राहून जळेल.

दिव्यांनी मला जास्त छळलं. ३.३ व्होल्टचा कंट्रोलर जोडला आणि दिवे वाटेल तसे लागू लागले. कारण दिव्यांच्या बोर्डावरच्या सीमॉस प्रकारच्या चिपला ‘एक’ (म्हणजे ‘चालू’चा संकेत) कळायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. मध्ये संकेत ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एचसीटी मालिकेतली चिप घातली आणि सगळं शांत झालं. दुसरं म्हणजे, दिवे एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतात. वीज शून्यावर आली की एससीआर विझतो, म्हणून दर अर्ध्या लहरीला तो पुन्हा पेटवावा लागतो: अमेरिकेत सेकंदाला १२० वेळा, भारतात १००. शून्याचा क्षण चुकला, की दिवे मंद होतात किंवा लुकलुकतात.

मूळ खेळ जसाच्या तसा हवा असेल, तर एवढा खटाटोप करू नका. दुरुस्ती किंवा तयार बोर्ड सरस ठरतो. नवे नियम लिहायची हौस असेल आणि मूळ बोर्ड धड असेल, तर अर्डुइनो. बोर्डही गेला आणि हौसही आहे, एवढ्याच स्थितीत मी पूर्ण बांधणी सुचवेन, आणि तीही सहा महिने हाताशी असतील तर.

पहिल्यांदा वीज देताना प्लेफिल्डखालचा (खेळाच्या पटाखालचा) १ अँपिअरचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे झटक्याच्या कॉइल चालणार नाहीत. मागच्या पेटीतला कॉइलचा फ्यूज मात्र राहू द्या, कारण वीज शून्यावर आल्याचा संकेत त्याच ४३ व्होल्टांवरून येतो. आधी दिवे, मग हाताने एकेक स्विच दाबून वाचन तपासा, आणि सगळे बरोबर आले की तो फ्यूज परत घाला.