आपली तार की परक्याचा रिसीव्हर?

शॉर्टवेव्हवर (रेडिओच्या लघुलहरींवर) दूरचं केंद्र पकडायला आज दोन वाटा आहेत. जुनी म्हणजे आपला रेडिओ आणि बाहेर ताणलेली लांब तार. आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतलेला आवाज चढत-उतरत येतो. दिवसा १६-१९ मीटर पट्ट्यांवर, रात्री ४१-४९ वर. त्यात सूर्यडागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र, त्यामुळे कधी सुगी तर कधी दुष्काळ. खरखरीतून केंद्राचं नाव कानावर पडलं, की ऐकल्याचा अहवाल केंद्राला धाडायचा आणि क्यूएसएल कार्डाची, म्हणजे केंद्राच्या पोचपावतीची, वाट पाहत बसायचं.

दुसरी वाट वेबएसडीआरची, म्हणजे इंटरनेटवरून चालवायच्या रिसीव्हरची. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेला रिसीव्हर ब्राउझरमधून कुणीही फिरवू शकतो. सिग्नल पडद्यावर चक्क दिसतात. एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या गोंगाटानं माझी तार पार जेरीस आली आहे. तो त्रास इथे टळतो. पण ऐकू येतं ते त्या विद्यापीठाच्या गावाचं, एन्स्खेडेचं आकाश, आपलं नव्हे.

केंद्रं आटली, हे दोन्हीकडे सारखंच. स्विस रेडिओ इंटरनॅशनल २००४ मध्ये, रेडिओ नेदरलँड्स २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेलं. कान तयार करायला वेबएसडीआर उत्तम. वहीत नोंद मात्र मी तारेवर पकडलेल्याचीच करतो.