माथेरान: पॉइंट पायीच पाहावेत

माथेरानला जाणाऱ्याने घोडा टाळून शक्य तितके पॉइंट पायीच पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी असल्याने जांभूळ, अंजनी आणि हिरड्याच्या सावलीतून जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा हेच इथले खरे आकर्षण आहे. उत्तर टोकाच्या पॅनोरमा पॉइंटसाठी पहाटेच निघावे. धुके विरत गेले की पेबचा किल्ला आणि खाली नेरळची वस्ती हळूहळू उलगडते. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट उत्तम असून तिथून प्रबळगड समोरच दिसतो. मात्र सुट्टीच्या दिवशी कठड्याशी उभे राहायलाही जागा उरत नाही. एको पॉइंट घाईत उरकला तरी चालेल. शार्लोट तलाव रम्य आहे, पण ज्या तलावाचे पाणी गाव पिते त्याच्या काठावर वेफर्सची रिकामी पाकिटे पाहून मन विषण्ण होते. 1907 मध्ये सुरू झालेली, दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी मात्र चुकवू नये. पावसाळ्यात नेरळकडील फेऱ्या सहसा बंद असतात, तेव्हा अमन लॉज स्थानकाहून सुटणारी शटल घ्यावी. माकडांपासून खाऊ सांभाळावा.