आधी ॲम्प्लिफायर की आधी स्पीकर? मुंबईच्या हॉलसाठी तीन जोड्यांची तुलना

घरची हाय-फाय यंत्रणा सुधारायची ठरवली की पैशांच्या पाठोपाठ क्रमाचा प्रश्न येतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकदम बदलणे बहुतेकांना परवडत नाही, आणि एकच बदलला तर घरातल्या जुन्याशी नव्याचे जमेल की नाही ही धास्ती राहते. या लेखात मी तीन प्रकारच्या जोड्या शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहे. तिन्ही आपापल्या जागी उत्तम वाजतात. मात्र दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये, एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली असताना आणि सोफा भिंतीला टेकवण्यावाचून गत्यंतर नसताना, तिघींची योग्यता सारखी राहत नाही.

त्याआधी वॅटचा हिशेब मांडणे भाग आहे, कारण लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, पहिला प्रश्न ‘किती वॅटचा हवा?’ असाच विचारला जातो. स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल असा संवेदनशीलतेचा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा, की त्याला २.८३ व्होल्ट, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरच्या बाबतीत बरोबर १ वॅट दिला असता १ मीटरवर तेवढा आवाज मिळतो. आपण बसतो अडीच मीटरवर. तिथे पोहोचेपर्यंत सुमारे ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात, म्हणजे एका वॅटला साधारण ८२ डेसिबल. खोलीच्या भिंती त्यात आणखी थोडी भर घालतात, ती सध्या सोडून देऊ. ख्याल मनापासून ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबल धरली आणि तबल्याची खणखणीत चाट त्याच्या २० डेसिबल वर जाते असे मानले, तर ९५ पर्यंत पोहोचायला हवे. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते आणि १० डेसिबलला दहापट. त्यामुळे उरलेल्या १३ डेसिबलसाठी २० वॅट लागतात. स्पीकर ८४ डेसिबलचा असेल तर हाच आकडा ४० होतो आणि ९२ चा असेल तर साडेसहाच्या आत राहतो. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॅटचा आणला तर पदरात केवळ ३ डेसिबल पडतात, जे कानाला जेमतेम ‘जरा मोठे’ एवढेच जाणवतात.

पहिली जोडी लहान, कमी संवेदनशील स्पीकर आणि ५०-६० वॅटचा साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर अशी आहे. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे बीबीसीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाह्य ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए. जेमतेम पाच लिटरची सीलबंद पेटी, संवेदनशीलता ८२-८३ डेसिबलच्या आसपास आणि इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुरुवातीला १५ ओहम. गाडीत माणूस स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसत असे आणि मागे भिंतच असे. आपल्या हॉलची अवस्था त्याहून फार वेगळी नाही. सीलबंद पेटीचा खर्ज खाली उतरताना हळूहळू क्षीण होतो, आणि जवळची भिंत नेमका तोच भाग थोडा उचलून धरते. डग्ग्याचा घुमारा अशा पेटीतून आखूड पण स्वच्छ येतो, आणि गायकाचा आवाज तर दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहतो. उणीव अशी, की घरात पंधरा माणसे जमली आणि कुणी ढोल-ताशा लावायला सांगितला, तर हा स्पीकर हात टेकतो. शिवाय त्याला स्वतंत्र स्टँड लागतो. टीव्हीच्या शोकेसमध्ये पुस्तकांच्या रांगेत कोंबला तर त्याचा सारा नेमकेपणा लाकडाच्या गुणगुणण्यात हरवतो. स्टँडसाठी फूटभर जागा सोडायला घरातली मंडळी तयार आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी जोडी सध्या सर्वाधिक खपते असे माझे निरीक्षण आहे: जमिनीवर उभे राहणारे, पोर्ट (पेटीतली हवा बाहेर येण्याचे भोक) असलेले, ४ ते ६ ओहमचे उंच स्पीकर आणि क्लास डी प्रकारचा, म्हणजे वीज अतिवेगाने चालू-बंद करून काम करणारा, छोटा ॲम्प्लिफायर. क्लास डीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असल्याने तो तापत नाही आणि मे महिन्यातल्या बंद हॉलमध्ये हा गुण मोठाच म्हणायचा. परंतु येथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की तो १ नव्हे तर २ वॅट खेचतो. म्हणून त्याच्या कागदावरचे ८७ हे वॅटच्या हिशेबाने ८४ च असतात. दोन, खोक्यावर छापलेले वॅट बहुधा ४ ओहमवर आणि १० टक्के विकृती गृहीत धरून मोजलेले असतात. खरे पाहायचे असेल तर सोबतच्या ॲडॅप्टरकडे पाहावे. त्यावर २४ व्होल्ट आणि ४.५ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार १०८ वॅट होतो, आणि दोन्ही चॅनेल मिळून सतत त्याहून अधिक काही बाहेर पडणे शक्य नाही, खोक्यावर ३०० लिहिलेले असले तरी. ८ ओहमवर हाच २४ व्होल्टचा पुरवठा प्रत्येक बाजूला आदर्श स्थितीत ३६ वॅट देतो. वर काढलेल्या २० वॅटांच्या गरजेला ते पुरेसे आहेत. माझा आक्षेप आहे तो ३०० या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याला.

या जोडीची मोठी अडचण मात्र ॲम्प्लिफायरशी निगडित नाही. दहा फूट रुंदीच्या खोलीचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला खोली स्वतःच घुमू लागते तो, ५६ हर्ट्झच्या सुमारास येतो आणि पंधरा फूट लांबीचा ३८ च्या सुमारास. उंच पोर्टवाला स्पीकर याच पट्ट्यात हिरिरीने वाजतो, कोपऱ्यात ठेवला तर आणखीच, आणि मग डग्ग्याचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यावर सांडत राहतो. माझ्या एका स्नेह्यांनी बोरिवलीच्या घरात असे स्पीकर आणले आणि घुमण्याचा दोष ॲम्प्लिफायरवर ठेवून वर्षभरात दोन ॲम्प्लिफायर बदलले. अखेर पोर्टमध्ये पायमोजे कोंबल्यावर त्यांना ख्याल ऐकू येऊ लागला. उपाय विनोदी वाटेल, पण पोर्ट बंद केल्याने पेटी सीलबंदासारखी वागू लागते, त्यामागचे शास्त्र पक्के आहे.

तिसरी जोडी मनाला भुरळ घालणारी आहे: व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर आणि ९२ डेसिबलच्या वरचे मोठे स्पीकर. ३००बी या व्हॉल्व्हचा एकेरी (प्रत्येक बाजूला एकच असा व्हॉल्व्ह असलेला) ॲम्प्लिफायर सुमारे ८ वॅट देतो, आणि ९२ डेसिबलच्या स्पीकरला तेवढे पुरतात हे वरच्या हिशेबातून दिसलेच. तंबोऱ्याची जवार अशा जोडीतून ऐकताना पैसे वसूल झाल्यासारखे वाटते, हे मी नाकारणार नाही. पण व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत इम्पिडन्स बराच असतो. तो २ ओहम धरला आणि स्पीकरचा इम्पिडन्स स्वरानुसार ४ पासून २० ओहमपर्यंत हलत असेल, तर काही स्वर इतरांपेक्षा जवळजवळ पावणेतीन डेसिबल चढे वाजतात. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये हाच फरक पाव डेसिबलही भरत नाही. म्हणजे या जोडीत ॲम्प्लिफायर स्पीकरचा स्वभावच बदलतो, आणि दुकानात दुसऱ्या स्पीकरवर ऐकलेला गोडवा घरी येईलच असे नाही. मोठ्या पेट्या ठेवायला जागा हवी, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ८ वॅटांच्या संगीतासाठी शंभरएक वॅटची शेगडी हॉलमध्ये पेटती ठेवायची तयारी हवी.

आता तिघींना मुंबईच्या रात्रीसमोर उभे करू. दहा वाजून गेल्यावर आपण सरासरी ६०-६२ डेसिबलवर ऐकतो, म्हणजे ८७ डेसिबलच्या स्पीकरला त्या वेळी वॅटचा जेमतेम शंभरावा भाग मिळत असतो. इतक्या हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. दुसरी जोडी येथे काहीशी सुखद वाटते, कारण तिचा खर्ज मुळातच जादा असतो; पहिली जोडी किंचित कोरडी वाटते. म्हणूनच पहिल्या जोडीसाठी टोन कंट्रोल किंवा हळू आवाजात खर्ज वाढवणारे लाउडनेसचे बटण असलेला ॲम्प्लिफायर निवडावा असे मी आग्रहाने सांगेन. शुद्धतेच्या नावाखाली ही बटणे काढून टाकणाऱ्यांनी बहुधा शेजारी नसलेल्या घरात संगीत ऐकले असावे.

क्रमाविषयी माझे मत असे आहे. सध्याचा ॲम्प्लिफायर ४०-५० वॅटचा, निरोगी आणि ट्रान्झिस्टरचा असेल, तर आधी स्पीकर बदलावेत आणि ते खोलीच्या मापाने निवडावेत. कानाला कळणारा फरक तिथेच सर्वाधिक पडतो. याला अपवाद दोन. आवडलेला स्पीकर ३-४ ओहमपर्यंत खाली उतरणारा असेल आणि जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ८ ओहम’ अशी सूचना असेल, तर दोन्ही बदलण्याइतके पैसे साठेपर्यंत थांबावे. आणि आवाज वाढवताना तार सप्तक फाटू लागत असेल, तर ॲम्प्लिफायर आधी बदलावा, कारण दम संपलेला लहान ॲम्प्लिफायर ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, जाळतो आणि नव्या स्पीकरवर तो प्रयोग कुणी करू नये. वॅटच्या आकड्याला न भुलण्यासाठी एनएडी कंपनीच्या १९७८ च्या ३०२० या ॲम्प्लिफायरचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे: कागदावर अवघे २० वॅट, तरी अवघड स्पीकरांना लागणारा विद्युतप्रवाह तो पुरवू शकत असे आणि त्यामुळेच तो जगभर गाजला.

जुने स्पीकर घेताना समुद्राजवळच्या घरातले असतील तर मागचे टर्मिनल हिरवे पडले आहेत का आणि वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाची) फोमची कड बोटाने दाबल्यावर भुगा होते का, एवढे अवश्य तपासावे. रबरी कड आपल्या हवेत अधिक टिकते. वायरवर फार खर्च करू नये. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची पाच मीटर वायर जाऊन-येऊन ०.०७ ओहमच्या आसपास भरते, आणि वरच्या कोणत्याही जोडीला ते चालते. वाचलेले पैसे स्टँडवर घालावेत, आणि दुकानदार दोन दिवस स्पीकर घरी ऐकायला देत असेल तर अनामत ठेवून न्यावेत, भिंतीपासून नेहमीच्याच अंतरावर ठेवावेत आणि पहिला ख्याल रात्री दहानंतरच्या आवाजात लावावा.