टेप माझ्या गळ्यात होता, तरी टीव्ही मी मोजला नाही

परवा बहिणीने विट्याहून एका कागदाचा फोटो पाठवला. पेपरातून पडलेला गुलाबी कागद. ‘फक्त ४ दिवस! कंपनीचा थेट माल! एलईडी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन निम्म्या किमतीत!’ खाली विचारलंय, ‘ताई, घेऊ का गं?’ गाव वेगळं, मंगल कार्यालय वेगळं, मोबाइल नंबरही वेगळा. पण कागदावरच्या टीव्हीत बसलेला निळा पोपट मात्र तोच. त्या पोपटाने मला १२,५०० रुपयांना बुडवलंय. तिला फोनवर सांगितलंच, पण म्हटलं लिहूनही ठेवावं.

मी कराडात ब्लाउज शिवते. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत टीव्ही. तो टीव्ही म्हणजे जुना २१ इंची डबा. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी त्यांना त्यावरची माणसं ओळखू येईनात. मालिकेतली सासू कोण आणि सून कोण हे आवाजावरून ठरवायच्या. माझी भिशी लागली होती; १२ बायका, महिना १,५०० रुपये, म्हणजे १८,००० हातात. त्यातून मोठा टीव्ही आणि उरलेल्यात दिवाळीचा बाजार, असा हिशोब होता. दुकानांतून विचारून आले. ४३ इंची ४के, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या स्वच्छ चित्राचा, म्हटलं की नाव ऐकलेल्या कंपनीचा वीस-बावीस हजारांच्या खाली कुणी बोलेना.

तेवढ्यात आमच्याकडच्या मंगल कार्यालयात असाच सेल लागला. ९ ते १२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार ते रविवार. मी शुक्रवारी दुपारी गेले. गळ्यातला टेप काढायचाही राहिला होता, दिवाळीची कामं इतकी अंगावर होती.

हॉलमध्ये जिथे एरवी वधूवरांच्या खुर्च्या असतात तिथे सहा टीव्ही ओळीने लावलेले, आणि सगळ्यांवर तो पोपट. पिसं मोजता येतील इतका स्वच्छ. मी म्हटलं, एखादं चॅनल लावून दाखवा. तर म्हणे, “वहिनी, हॉलमध्ये केबल नाही. पण पोपट एवढा दिसतोय तर बाकीचं काय दिसेल बघा की.” पटलं मला. आता कळतं, पेनड्राइव्हवरचा तसला भडक व्हिडिओ खास टीव्ही खपवण्यासाठीच बनवलेला असतो. आपल्या घरी दिसणार असते बातम्यांच्या चॅनलची पट्टी आणि मालिकेतला अंधारातला प्रसंग. टीव्ही तिथे उघडा पडतो. शिवाय भिंतीवर लावलेला टीव्ही एक आणि खोक्यातला दुसरा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

४३ इंची ४के चा भाव सांगितला १३,५००. इतका कमी कसा, असं मी विचारलंच. उत्तर तयार होतं. “जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आलाय ना वहिनी, मोदीसाहेबांनी दिवाळी भेट दिलीय. दुकानदार तुम्हाला देत नाहीत, आम्ही देतो.”

आता यात खरं किती ते सांगते, कारण ही थाप अर्धी खरी आहे म्हणूनच पचते. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. (३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे.) पण दहा टक्के कर कमी झाला म्हणजे टीव्ही निम्म्यात येत नाही. २५,००० च्या टीव्हीवर हिशोब मांडला तर फरक जेमतेम दोन हजारांचा पडतो. बिलाचा कागद तेव्हा हातात होता, पेन कानावर होतं, पण हा हिशोब मी केला नोव्हेंबरात.

जुना टीव्ही दिला तर हजार कमी म्हणाले. पोरगा टेम्पो घेऊन मागोमाग घरी आला, जुना डबा उचलला, नवं खोकं ठेवलं. हजार रुपये मी आधीच फोनवरून पाठवले होते, बाकीचे ११,५०० रोख. का, तर “सकाळपासून मशीनला रेंज नाही.” हजारांना रेंज होती, अकरा हजारांना नव्हती.

आणि जाता जाता त्याने सांगितलेलं वाक्य नीट वाचा, कारण सगळी ग्यानबाची मेख त्यात आहे. “खोकं उघडू नका बरं का वहिनी. सील तुटलं की वॉरंटी गेली. सोमवारी आमचा इंजिनिअर येऊन उघडून लावून देईल.”

सेल रविवारी संपणार होता. म्हणजे शुक्रवार ते रविवार एकाही घरात खोकं उघडलं जाऊ नये, कुणी भांडायला परत येऊ नये, एवढ्यासाठी ते सील. सोमवारी फोन केला तर “लाइनवर खूप कामं आहेत, उद्या येतो.” मंगळवारी फोन बंद. तो आजतागायत बंद आहे. माझ्यापाशी चाळीस ब्लाउज कापून पडलेले, मीही म्हटलं येईल दिवाळीपर्यंत. चार दिवस आम्ही त्या खोक्याला हळदीकुंकू तेवढं लावायचं ठेवलं होतं.

वसुबारसेला दिराचा मुलगा आला पुण्याहून. त्याने खोकं उघडलं, टीव्ही लावला, आणि बघतच राहिला. म्हणाला, “काकू, कितीचा सांगितला होता?” मी म्हटलं, त्रेचाळीस इंची. “तुमचा टेप द्या.”

मीच मोजला. टीव्ही मोजतात तो काचेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. बाहेरची पट्टी धरायची नाही. टेप वरच्या डाव्या कोपऱ्यावर दाबला आणि खाली उजवीकडे ओढत आणला. साडेअडतीस. पुन्हा मोजला. साडेअडतीस. पट्टी धरूनसुद्धा चाळीसच्या आत. मी दिवसभर बायकांची छाती, कंबर, बाहीचा घेर पाव-पाव इंचाने मोजते. पाव इंच चुकला तर बाई ब्लाउज परत आणते. आणि इथे साडेचार इंच गेले.

मग खोकं बघितलं. ‘४३’ हा आकडा खोक्यावर छापलेला नव्हताच, चिकटवलेला होता. नखाने निघेना. शेवटी इस्त्री आणली, वाफ सोडली आणि बकरम सोडवतात तसं ते स्टिकर अलगद उचललं. खाली ‘४०’. म्हणजे चाळीसचं खोकं, साडेअडतीसची काच आणि त्रेचाळीसचं स्टिकर.

एवढ्यावर थांबलं नाही. पोराने त्याचा लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने जोडला आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं: १३६६ × ७६८. हा झाला साधा एचडी रेडी. ४के म्हणजे ३८४० × २१६०. पहिल्यात साधारण साडेदहा लाख ठिपके, दुसऱ्यात ८३ लाख. म्हणजे मला पैसे मोजून मिळाला आठवा हिस्सा. मी खोक्यावरचं ‘४के’ दाखवलं. त्याने त्याच्याखालचं बारीक अक्षर दाखवलं: ‘सपोर्ट’. याचा अर्थ असा की ४के चा सिग्नल आला तर टीव्ही तो आत घेतो, आणि त्याच्याकडे असतील तेवढ्या ठिपक्यांत कोंबून दाखवतो. टीव्ही काय आहे हे बघायचं तर ‘सपोर्ट’ नाही, ‘रिझोल्यूशन’ शब्दासमोरचा आकडा बघायचा. टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहिलेलंही खरं धरू नका. आमच्यात तिथेही ४के च लिहिलं होतं. टीव्हीच्या आतला बोर्ड बनवणारा तिथे हवं ते लिहू शकतो म्हणे.

स्मार्टपणाही तसाच. मोबाइलची अ‍ॅपं ताणून मोठी केलेली, आणि रिमोटने पडद्यावर एक बाण फिरवत बसायचं. सासूबाईंनी तो बाण माशी समजून पदराने दोनदा उडवला.

मागच्या बाजूला बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, खूण होती, तिच्याखाली ‘आर’ने सुरू होणारा नंबर. मला वाटलं, चला, एवढं तरी खरं. टीव्हीला ही नोंदणी सक्तीची असते. पोराने ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला, तर नोंद निघाली पॉवर अ‍ॅडाप्टरची, तीही भलत्याच कारखान्याच्या नावावर. वीजबचतीच्या ताऱ्यांचं (स्टारचं) लेबल तर कुठेच नव्हतं.

तरी आम्ही तो वापरला. काय करणार, जुना डबाही गेला होता. विसाव्या दिवशी पडद्यावर पांढरा गोल डाग उगवला, मग दुसरा, मग तिसरा. सासूबाई म्हणाल्या, “कोजागरी होऊन गेली की गं, ह्यो चंद्र कुठनं आला?” ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाठ उघडली. आत एलईडीच्या पट्ट्या असतात, प्रत्येक दिव्यावर एक छोटी पारदर्शक टोपी असते. ती प्रकाश पसरवते. डिंक सुटला की टोपी गळते आणि तिथे चंद्र दिसतो. दोन-तीन टोप्या तळाशी गोळा झालेल्या त्याने मला हातावर काढून दिल्या, साबुदाण्यासारख्या. मग म्हणाला, “वहिनी, पॅनल, म्हणजे पडदा, काढीव आहे. कुठल्या तरी जुन्या टीव्हीतलं. पट्ट्या नव्या मारल्यात, बोर्ड बाजारात मिळतो तो कुठल्याही टीव्हीला चालणारा, आणि बॉडी कोरी.” टोप्या त्याने चिकटवून दिल्या, ४०० रुपये घेतले. पॅनल गेलं तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका म्हणाला, नव्या टीव्हीच्या जवळपास खर्च जातो.

तक्रारीचं काय केलं, हे सगळे विचारतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलले, नीट ऐकून घेतलं, पण त्यांनी विचारलेलं पहिलंच माझ्याकडे नव्हतं: विकणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता. बिल काढून बघितलं तेव्हा दिसलं, ते बिल नव्हतंच. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘एस्टिमेट’. खाली रबरी शिक्का, त्यात ट्रेडर्सचं नाव आणि एका मोठ्या शहराचं नाव, बस्स. गल्ली नाही, जीएसटी नंबर नाही. जीएसटी कमी झाला म्हणून विकलेल्या टीव्हीच्या कागदावर जीएसटीचाच पत्ता नाही! खरा नंबर १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. पैसे देण्याआधी दोन मिनिटांचं काम आहे.

साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जायचं, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; विकणाऱ्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. सगळं चांगलं आहे. पण नोटीस पाठवायची कुठे? मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, “भाडं रोख भरलं, रविवारी रात्री टेम्पो भरून गेले.” मी म्हटलं, हॉल देताना कागदपत्रं घेत नाही का? तो माझ्याकडे न बघता पंख्याचं बटण बघत होता. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, सोबत मी पाठवलेल्या हजार रुपयांची पावती जोडली. ज्याच्या खात्यात ते गेले त्याचं नाव शिक्क्यावर नाही, पण आता माझ्याकडे असलेला पुरावा तेवढाच. सगळे पैसे फोनवरून दिले असते तर पुरावा बारा हजार पाचशेचा झाला असता. अर्जाची पोच फाइलमध्ये आहे, दर पंधरा दिवसांनी चौकशी करून येते. माझ्याआधी तिथे आणखी तीन जणांचे अर्ज पडले आहेत, असं हवालदारांनीच सांगितलं. त्यातल्या एकाने वॉशिंग मशीन घेतलंय.

जानेवारीत पुन्हा टीव्ही घेतला. भिशीतले उरलेले ५,५०० आणि दिवाळीच्या शिलाईतले काढून ३२ इंची, गावातल्या दुकानातून. आमची खोली दहा फुटांची, सासूबाई सहा फुटांवर बसतात. एवढ्याला एचडी रेडी चालतो, आणि दुकानदाराने तो एचडी रेडीच आहे असं सांगून विकला, याचं मला बरं वाटलं. खोकं तिथेच उघडायला लावलं. पोपट नको, बातम्या लावा म्हटलं. खोक्यावरचा, पाठीवरचा आणि बिलावरचा मॉडेल नंबर बोट ठेवून ताडून पाहिला. मग टेप काढला.

दुकानातला पोरगा हसायला लागला, पण त्यानेच दुसरं टोक धरलं. साडेएकतीस. माझ्या पोटात गोळा आला. दुकानदार म्हणाला, “वहिनी, टेप उलटा करा. खोक्यावर सेंटिमीटर लिहिलंय, ते बघा.” खोक्यावर ८०. टेप उलटा केला, बरोबर ८०. ३२ इंची म्हणून विकतात तो असाच साडेएकतीसचा असतो म्हणे. कंपनीने इंच ढोबळ सांगितले तरी सेंटिमीटर खरे लिहिले होते.

घरी आणून लावला. सासूबाई चष्मा पुसून समोर बसल्या, मालिका सुरू झाली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मागच्यापेक्षा माणसं बारकी झाली गं. पण ही सासू हाय, एवढं कळतंय.”