गरोदरपणात डोक्याचा सीटी की एमआरआय?

सातव्या महिन्यात डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डॉक्टरांनी सीटी सांगितला, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "पोटात बाळ असताना? एमआरआय नाही का चालणार?" चालतो, आणि घाई नसेल तर तोच बरा. पण सीटीची जी धास्ती असते ती फुकाची आहे.

डोक्याच्या सीटीत क्ष-किरण (एक्स-रे) डोक्यावर पडतात. बाळापर्यंत पोचतो तो विखुरलेला अंश: फार तर ०.०१ मिलिग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचं माप). काहीही न करता, माती-हवा-आकाशातूनच नऊ महिन्यांत बाळाला ०.५ ते १ मिलिग्रे मिळतात. अपाय दिसतो तो ५० मिलिग्रेच्या पुढे. पोटावरचा शिशाचा एप्रन निव्वळ मनाच्या समाधानासाठी, कारण हा अंश येतो आईच्या शरीराच्या आतून.

सीटी काही मिनिटांत उरकतो आणि ताजा रक्तस्राव लगेच दाखवतो. एकाएकी असह्य डोकेदुखी, एक बाजू लुळी पडणं, शुद्ध हरपणं, यात एमआरआयचा नंबर लागेपर्यंत थांबू नये. बीपी वाढून आकडी आली असेल तर आधी आकडी आवरणारं मॅग्नेशियम सल्फेट, स्कॅन नंतर.

एमआरआयला किरण नाहीत, पण अर्धा-पाऊण तास त्या खडखडाटात पडून राहावं लागतं. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपवत नाही; कमरेखाली उशी देऊन डावीकडे कलतं करायला सांगा. त्या बदल्यात दिसतं बरंच जास्त: बीपीमुळे मेंदूच्या मागच्या भागाला आलेली सूज, किंवा शिरेतली गुठळी. ही गुठळी गरोदरपणात आणि त्याहून जास्त बाळंतपणानंतर होते, आणि साध्या सीटीत ती निसटू शकते. एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे एमआरआयनेच काढलेलं शिरांचं चित्र, ठळकपणासाठी देतात त्या इंजेक्शनशिवायही होते.

खरं जपायचं ते एमआरआयच्या इंजेक्शनला. त्यातलं गॅडोलिनियम वारेतून बाळाकडे जातं. २०१६ साली कॅनडातल्या ऑन्टारियोच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात ते दिलेल्या गरोदर स्त्रियांत मृतजन्म आणि नवजात मृत्यू जास्त आढळले. तुलना एमआरआय न झालेल्या स्त्रियांशी होती, म्हणून तो पक्का पुरावा नव्हे. तरी त्यावाचून निदान अडत असेल तरच घ्यावं. सीटीचा आयोडीनवाला डाय गरज पडल्यास देतात.

बाळंतपणानंतर हा पेच सुटतो. दोन्हींपैकी कुठलंही इंजेक्शन घेतलं तरी अंगावरचं दूध तोडावं लागत नाही.