जहाजावरचे म्हणून विकलेले दिवे

जुने कंदील जमवणाऱ्याला गंडवायचं तर नुसता खोटा दिवा पुरत नाही, आधी एक खरा हातात द्यावा लागतो. मला फसवणाऱ्यानं तेच केलं. तो अजून विकतोय, म्हणून हे तपशिलात लिहिते आहे. नाव देत नाही. ते तो बदलत राहतो, पद्धत तेवढी बदलत नाही.

पहिला व्यवहार झाला तो फॉयरहांड या जर्मन कंपनीच्या २७६ क्रमांकाच्या छोट्या कंदिलाचा. घरात कंदील वापरणाऱ्यांच्या हा ओळखीचा असेल. दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या नळ्या, मध्ये फुगीर काच, वर टोपी. ताजी हवा टोपीखालून नळ्यांत शिरते, खाली येऊन बर्नरला मिळते. जळालेली गरम हवा नळ्यांत न जाता टोपीतून बाहेर पडते. म्हणून ज्योत उजळ राहते आणि वाऱ्याला सहजी दबत नाही. माझ्याकडे आलेल्या कंदिलावर 'पश्चिम जर्मनी'चा ठसा होता, म्हणजे तो १९४९ ते १९९० या काळातला. विक्रेत्यानंही तेवढंच सांगितलं होतं, वय एका वर्षानंही फुगवलं नव्हतं. उलट 'ताई, वातीची चावी जरा घट्ट आहे आणि काच मूळची नाही, आधीच सांगतो' असं आपणहून कळवलं. पैसे विक्रीच्या साइटमार्फत गेले, कंदील नीट गुंडाळून आला, आणि तो आजही उत्तम चालतो. हा प्रामाणिकपणा त्याचं भांडवल होतं, हे तेव्हा कळायला काही मार्ग नव्हता.

त्यानंतर अधूनमधून त्याचे निरोप येऊ लागले. विकायचं काही नसे. वात कशी कापावी, काचेवरची काजळी कशी काढावी, असल्या गप्पा. माणूस जाणकार होता, हे मान्य करायला हवं. एकदा त्यानं माझ्या संग्रहातल्या एका कंदिलाचं वय फोटोवरून बरोबर ओळखलं. तळावरच्या पेटंटच्या तारखेला कंदिलाचं जन्मसाल समजू नका, हेही त्यानंच मला बजावलं, आणि ते खरंच आहे. पेटंटची तारीख ही कल्पनेची तारीख असते. त्या तारखेचा साचा पुढे कित्येक वर्षं चालतो. डीट्झ ही अमेरिकन कंपनी १८४० पासूनची, पण १९५६ पासून तिचं उत्पादन हाँगकाँगला जाऊ लागलं. तिथल्या कंदिलांवरही कंपनीचं जुनं नाव असतंच. नाव आणि तारीख वाचून भाव ठरवणारे इथेच फसतात. हे ज्यानं मला समजावलं, त्यानंच पुढे माझ्यासमोर १९१२ साल कोरलेल्या पितळी पाटीचे दिवे ठेवले.

दिवे दोन होते, जोडीनं. जहाजाच्या दोन बाजूंना लावायचे, एकावर 'पोर्ट' म्हणजे डावी बाजू, दुसऱ्यावर 'स्टारबोर्ड' म्हणजे उजवी, लाल आणि हिरवी काच, अंगाला पितळ, आत तेलाची सुटी टाकी. त्याच्या म्हणण्यानुसार जहाजावर नोकरी केलेल्या कुणाच्या तरी घरातून निघालेले, घरच्यांना किंमत कळत नाही, दुसरा गिऱ्हाईक बघायला येणार आहे, पण 'तुमच्याकडे गेले तर जपले जातील'. फोटो भरपूर. तळाचा, बर्नरचा, झाकणाच्या आतल्या काजळीचा. आणि शेवटी, अगदी सहज, 'साइटवरून घेतलं तर कमिशन जातं, तेवढं तुम्हालाच कमी करून देतो'. पैसे थेट त्याच्या खात्यात गेले. सगळा सापळा त्या पहिल्या खऱ्या कंदिलापासून या एका वाक्यापर्यंत आणण्यासाठी होता. एकदा व्यवहार साइटच्या बाहेर गेला की तक्रारीला जागाच उरत नाही.

खोके उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वजन. पत्रा पातळ होता, अंगठ्यानं दाबला की आत जात होता. समुद्रावर आपटत धोपटत राहणारी वस्तू अशी नसते. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. पुष्कळ जण इथेच निश्चिंत होतात. लोखंडावर पितळेचा मुलामा आहे की नाही, एवढंच चुंबकानं कळतं. काल ओतलेलं पितळ आणि शंभर वर्षांपूर्वीचं पितळ चुंबकाला सारखंच.

मग कळक पाहिला. पितळेवर चढलेला हिरवा-तपकिरी थर सगळीकडे एकसारखा होता, कोपऱ्यात, कडीवर, दाराच्या कडेला, सगळीकडे. वापरातला दिवा असा कधीच जुना होत नाही. ज्या कडीला रोज हात लागतो ती घासून गुळगुळीत होते, दाराची बिजागरी झिजते, तेल भरायच्या तोंडाभोवती डाग पडतात, आणि जिथे फडकं पोचत नाही तिथे मळ साचतो. तेजाब किंवा अमोनियाची वाफ देऊन आणलेल्या म्हातारपणाला हा फरक कळत नाही.

काचेनं तर उरलंसुरलं सांगून टाकलं. जहाजाच्या बाजूच्या दिव्याचा उजेड नियमानं ठरलेला असतो: नाकासमोरून सुरू होऊन आपल्या बाजूला, मागच्या अंगाला थोडा झुकून, एकूण ११२.५ अंश, त्यापलीकडे अंधार. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, म्हणजे समोरून येणाऱ्याला रंगावरून कळावं की हे जहाज कुठल्या अंगानं चाललंय. माझ्या दोन्ही दिव्यांची काच मात्र पूर्ण गोल, चारी दिशांना उजेड देणारी. असा दिवा नांगर टाकलेल्या जहाजावर, पांढऱ्या काचेचा, शोभला असता. बाजूचा म्हणून तो चालूच शकत नाही, कारण मग डावी-उजवी कळणार कशी? दोन्ही दिवे एकाच साच्यातले होते, फक्त पाटी आणि रंग वेगळे. शिवाय काचेवरच्या आडव्या कंगोऱ्यांमध्ये उभी शिवण दिसत होती, साच्याच्या दोन भागांची, पुसून न टाकलेली.

टाकी ज्या कंसावर बसते तो कंस आतून दोन स्क्रूंनी धरलेला होता. स्क्रूचं डोकं अधिकच्या चिन्हाच्या खाचेचं. या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ सालचं आहे. दुरुस्तीत एखादा नवा स्क्रू येऊ शकतो, हे मी मानते. पण दोन्ही दिव्यांत, चारही ठिकाणी, तेच आणि तसेच, आणि पत्र्यावर दुसऱ्या कुठल्या स्क्रूचा जुना वण नाही, म्हटल्यावर दुरुस्तीचा प्रश्न मिटतो. फोटोंमध्ये ही जागा कुठेच नव्हती. तळाचे फोटो मी पुन्हा काढून पाहिले तर त्यातल्या तळावर एक लांबट पोचा होता. माझ्या दोन्ही दिव्यांचा तळ सपाट. हे फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत ते शोधल्यावर ते एका जुन्या लिलावातल्या दुसऱ्याच दिव्याचे निघाले.

तरीही दिवा पेटवून पाहिलाच, कारण संग्रहातली प्रत्येक वस्तू मी वापरते, नुसती मांडून ठेवत नाही. पेटवला तो उघड्यावर, खाली वाळूचं ताट ठेवून, टाकी अर्धी भरून, वात भिजू देऊन, ज्योत लहान ठेवून. हे सगळ्यांनीच करावं, दिवा खात्रीचा असला तरी. आधी ज्योत ठीक होती. दार लावल्यावर ती लाल पडली आणि धूर सुरू झाला. वरच्या टोपीला बाहेरून सुंदर भोकं होती, पण आतला पत्रा अख्खा होता. गरम हवेला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती. ते भांडं दिव्यासारखं दिसण्यासाठी बनवलं होतं, जळण्यासाठी नव्हे. मग लाल काचेतून जळक्या रंगाचा वास आला. काच लाल नव्हतीच, आतून लाल रोगण लावलं होतं आणि उष्णतेनं त्याला फोड येत होते. खऱ्या रंगीत काचेत रंग काचेच्या अंगातच असतो, नखानं किंवा ॲसिटोननं तो निघत नाही.

वात खाली ओढून विझवला आणि टाकी बाहेर काढली. ती हाताला चटका देत होती. खालच्या सांध्यातून रॉकेलचे थेंब येत होते. रॉकेल चिवट असतं, चांगल्या टाकीवरही थोडा ओशटपणा येतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण थेंब गळणं वेगळं. सांधा डाख देऊन जोडलेला नव्हता, चिकट द्रवानं चिकटवला होता. रॉकेल साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि चटका बसण्याइतकी टाकी तापली म्हणजे ती हद्द केव्हाच मागे पडलेली असते. बैठकीत, पडद्याजवळ, कुणी हौसेनं हा दिवा लावून दुसऱ्या खोलीत गेलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा. मला पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे.

त्याला कळवल्यावर उत्तरं ठरलेल्या क्रमानं आली. आधी तेल. 'साधं रॉकेल घातलंत ना ताई, म्हणूनच. याला बाटलीतलं रंगीत दिव्याचं तेलच लागतं.' हे धादांत खोटं आहे. ते रंगीत, सुवासिक तेल बहुतेक वेळा द्रव पॅराफिन असतं, रॉकेलपेक्षा दाट, रुंद वातीतून नीट चढत नाही; त्यानं ज्योत सुधारत तर नाहीच, वात लवकर करपते. कंदिलाला स्वच्छ रॉकेल हेच बरोबर. पेट्रोल किंवा त्याची भेसळ असलेलं काहीही चुकूनही नको, त्याची वाफ थंडीतही पेटते. एकोणिसाव्या शतकात अशा भेसळीनं इतके दिवे भडकले की ब्रिटनमध्ये १८७९ च्या कायद्यानं तेल किती तापल्यावर पेट घेतं ते तपासण्याची नवी पद्धत ठरवून द्यावी लागली.

तेलाचं जमलं नाही तेव्हा 'पेटवलेली वस्तू परत घेत नाही'. मग 'जुन्या वस्तूत असं चालायचंच'. मग स्क्रूंचे फोटो पाठवल्यावर काही काळ शांतता. आणि शेवटी, मी कंदील जमवणाऱ्यांच्या गटात सगळं लिहिल्यावर, गोड आवाजात: 'अर्धे पैसे पाठवतो, पण लिहिलेलं काढा. आपले संबंध आहेत.' मी काढलं नाही, पैसेही आले नाहीत. साइटनं हात वर केले, व्यवहार त्यांच्याकडून झालाच नव्हता. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरीला गेलेले नाहीत. पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. तिथे उपयोगी पडलं ते एवढंच की त्याचे सगळे निरोप, खात्याचा तपशील आणि त्यानं पाठवलेले मूळ फोटो मी पुसले नव्हते. अनेकांना असे निरोप पाठवणाऱ्यानंच नंतर काढून टाकल्याचा अनुभव आहे, तेव्हा वस्तू हातात येण्याआधीच सगळ्याची नक्कल करून ठेवलेली बरी.

हल्ली मी विक्रेत्याकडून त्यानं आपणहून न पाठवलेले फोटो मागते. बर्नर काढून टाकी उलटी धरलेली, झाकणाची आतली बाजू, दाराची बिजागरी जवळून, एखादा स्क्रू काढून शेजारी ठेवलेला, आणि या सगळ्यांत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. ज्याच्याकडे वस्तू खरंच आहे त्याला यात दहा मिनिटं जातात. नसेल तर तो माझ्या अविश्वासावर नाराज होतो. दिवा पेटवून काढलेला छोटा व्हिडिओही मागते, दार लावून, ज्योत स्थिर होईपर्यंतचा. शोभेच्या वस्तू इथेच उघड्या पडतात. शोभेच्या म्हणून विकल्या तर त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. आत विजेचा छोटा दिवा लावा, छान दिसतात.

ओळखायचं असेल तर: सध्या त्याच्या विक्रीत नांगराचा म्हणून एक गोल दिवा आहे, त्याच घडणीचा, पांढऱ्या काचेचा, पाटीवर साल १९०८. वर्णनात लिहिलंय, 'घरच्यांना किंमत कळत नाही'. फोटोतल्या तळावर तोच लांबट पोचा आहे.