एकच सामना बघायचा तर: पुलमन की कॉलेज स्टेशन?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात कडवी खुन्नस शेजाऱ्याशी असते. एकाच राज्यातली दोन विद्यापीठं, एकाच घरातली दोन भावंडं दोन रंगांत. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. गेल्या काही वर्षांत टीव्हीच्या पैशामागे विद्यापीठांनी कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट, बदलल्या. त्या पळापळीत टेक्सासची भाऊबंदकी पुन्हा पेटली आणि वॉशिंग्टन राज्यातली कराराच्या कागदापुरती उरली. सिएटल किंवा ह्यूस्टनच्या आपल्या मंडळींपैकी कुणाला सुट्टी आणि पैसा एकाच सहलीपुरता काढता येणार असेल, तर हे वाचून ठरवा.

आधी टेक्सास. टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम 1894 पासून एकमेकांशी खेळत आले. 2011 च्या थँक्सगिव्हिंगला टेक्सासने शेवटच्या क्षणी चेंडू खांबांमधून मारून सामना 27–25 असा खेचून नेला, आणि पुढच्या वर्षी ए अँड एम एसईसी नावाच्या कॉन्फरन्समध्ये निघून गेलं. मग 2024 पर्यंत सामना नाही. गंमत बघा, या सगळ्या काळात दोन्ही विद्यापीठांच्या गाण्यांत एकमेकांना डिवचणं मात्र चालूच होतं! टेक्सासही एसईसीत आलं आणि 30 नोव्हेंबर 2024 ला कॉलेज स्टेशन गावातल्या ए अँड एमच्या स्टेडियमवर, काइल फील्डवर, 1,09,028 लोक जमले. टेक्सास 17–7 जिंकलं.

इथला थाट मोठा आहे. आदल्या मध्यरात्री ए अँड एमची पोरं स्टेडियममध्ये जमून घोषणांची तालीम करतात आणि सामनाभर विद्यार्थी बसत नाहीत, उभेच राहतात. ह्यूस्टनहून अंतर दीडशे किलोमीटर. तिकीट मात्र खिसा रिकामा करतं.

आता वॉशिंग्टन, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट यांच्या सामन्याला ॲपल कप म्हणतात. पहिली लढत 1900 सालची. एक संघ मोठ्या बंदराच्या शहराचा, दुसरा गव्हाच्या टेकड्यांमधल्या छोट्या गावाचा. ऑगस्ट 2023 मध्ये वॉशिंग्टन आणि ओरेगन या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं आणि त्यांची शंभर वर्षांहून जुनी कॉन्फरन्स, पॅक-12, कोसळली. मागे उरले फक्त वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. सिएटलचा संघ आता कॉन्फरन्सचे सामने खेळायला थेट न्यू जर्सीला जातो, आणि राज्यातल्याच शेजाऱ्यासाठी वेगळा करार करावा लागतो. तो करार 2028 पर्यंतचा आहे.

फरक नेमका इथे पडतो. कॉन्फरन्सच्या आतला सामना वेळापत्रकातच येतो, त्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही. बाहेरचा सामना दोन्ही बाजूंना हवा असेल तोवरच टिकतो. ओक्लाहोमा विद्यापीठाकडे बघा. ते टेक्सासबरोबरच एसईसीत गेलं, ओक्लाहोमा स्टेट मागे राहिलं. त्यांचा शेवटचा सामना 4 नोव्हेंबर 2023 ला झाला, स्टेट 27–24 जिंकलं, आणि सलग शतकभर चाललेली ती लढत तिथेच तुटली. मला हे फार लागतं. ज्या एका निर्णयाने टेक्सासला आपला शेजारी परत दिला, त्यानेच ओक्लाहोमाचा हिरावला.

ॲपल कपचंही थोडं नुकसान झालंच आहे. पूर्वी तो नोव्हेंबरअखेर व्हायचा. 1992 मध्ये पुलमनला भर बर्फात वॉशिंग्टन स्टेटने 42–23 असा विजय मिळवला, त्याच्या आठवणी लोक अजून सांगतात. आता सामना सप्टेंबरमध्ये गेला, म्हणजे बर्फ गेला. पण ईर्ष्या गेलेली नाही. 2024 ला वॉशिंग्टनचा संघ अगदी शेवटी गोलरेषेपासून एका यार्डावर, म्हणजे जेमतेम मीटरभर अंतरावर, होता. मागे टाकलेल्या वॉशिंग्टन स्टेटने त्यांना तिथेच अडवलं आणि सामना 24–19 असा घेतला. पुढच्या वर्षी पुलमनमध्ये वॉशिंग्टनने 59–24 अशी परतफेड केली, तेही सांगायला हवं.

माझं मत स्पष्ट आहे: 2027 चं पुलमन. टेक्सासच्या सामन्याला एसईसीने दरवर्षीच्या ठरलेल्या लढतींत जागा दिली आहे, तो चुकला तर पुढे बघता येईल. पुलमनचं स्टेडियम जेमतेम 33 हजारांचं, पण अख्खं गाव त्यात उतरतं, आणि 2028 नंतरचं कुणी लिहून दिलेलं नाही. ह्यूस्टनला राहत असाल, बरोबर लहान मुलं असतील आणि खेळाची पहिलीच ओळख असेल, तर मात्र खुशाल कॉलेज स्टेशन गाठा. ए अँड एमच्या घरी सामना सम वर्षी असतो.

सिएटलहून पुलमन साधारण 460 किलोमीटर, गाडीने पाचेक तास. गावात हॉटेलं मोजकी आहेत, म्हणून तारीख कळताच खोली धरा. नाही मिळाली तर 13 किलोमीटरवर, आयडाहोच्या हद्दीत, मॉस्को नावाचं गाव आहे, तिथे विचारा.